रेसिझम म्हणजे काय, आणि जात त्यात बसत नाही असे कोण म्हणते?

मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळल्या तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांच्या राजवटीला आमचे संपादक 'वर्णद्वेषी राजवट' म्हणत. अमेरिकेतील निग्रोंच्या छळालाही 'वर्णद्वेष' म्हणत. हिंदू-मुसलमानांची मारामारी झाली की ती 'जातीय दंगल'. आणि गावात महारवाडा जाळला की मात्र 'दोन गटांत वाद', 'पूर्ववैमनस्य', फार तर 'सामाजिक तणाव'. म्हणजे 'वर्ण' हा शब्द आफ्रिकेला देऊन टाकला, 'जात' हा शब्द धर्माला देऊन टाकला, आणि ज्या देशात वर्ण आणि जात या दोन्ही गोष्टी जन्मल्या तेथील घटनेसाठी शब्दच शिल्लक ठेवला नाही. हे कोणी बैठक घेऊन ठरवले असे आम्ही म्हणत नाही. बैठक घ्यायची गरजच नव्हती, कारण लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे बहुतेक एकाच आळीतले होते.

१९७४ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. भारताने खेळायला नकार दिला, चषक सोडला. निर्णय योग्यच होता, आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये दलित पँथरवर हल्ले झाले, भागवत जाधव मारले गेले. ती आजही 'वरळीची दंगल' म्हणूनच ओळखली जाते. चार वर्षांनी मराठवाड्यात नामांतराच्या ठरावानंतर वस्त्याच्या वस्त्या पेटल्या. तीही 'दंगल'. दंगल म्हटले की दोन पैलवान समोरासमोर आले. एकाच्या हातात पेटता टेंभा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर गवताचे छप्पर, हे त्या शब्दात दिसत नाही.

म्हणून या शब्दांचा हिशेब मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

'रेसिझम' हा इंग्रजी शब्द काही फार जुना नाही. त्याच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी एक १९०२ सालची, रिचर्ड हेन्री प्रॅट या अमेरिकन अधिकाऱ्याची. माणसांना वंशावरून वेगळे ठेवू नये असे तो सांगत होता, आणि हाच प्रॅट तिथल्या मूळच्या आदिवासींची मुले घरापासून तोडून, केस कापून, भाषा विसरायला लावून कार्लाइलच्या शाळेत 'सुधारत' होता! शब्द रुळला तो १९३० नंतर, हिटलरमुळे. मॅग्नस हिर्शफेल्ड या जर्मन ज्यू डॉक्टरने या विषयावर लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९३८ साली इंग्रजीत आले, त्याचे नावच 'रेसिझम'. तोपर्यंत 'रेस' म्हणजे वंश ही विद्यापीठात शिकवायची, कवटी आणि नाक मोजायची प्रतिष्ठित विद्या होती. तिला रोग म्हणायला युरोपात ज्यूंचा विध्वंस व्हावा लागला. १९५० साली युनेस्कोने तज्ज्ञांचे निवेदन काढून सांगितले की वंश ही जीवशास्त्रातील वस्तुस्थिती कमी आणि सामाजिक मिथक जास्त आहे.

हे वाक्य नीट वाचावे. आमचे सरकार, आमचे समाजशास्त्रज्ञ आणि परदेशातील आमचे संस्कृतिरक्षक यांचे एक लाडके विधान आहे : "जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून जातिभेद म्हणजे रेसिझम नव्हे." पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा त्यातून निघत नाही. कारण अमेरिकेतील काळा माणूसही जीवशास्त्राच्या अर्थाने वेगळा वंश नाही आणि जर्मनीतील ज्यूही नव्हता. वंश नसतानाही रेसिझम होता. मग जातीकडेच वंशाचा दाखला का मागता?

ज्यूंचे पाहू. नाझींनी नाकाडोळ्यांवरून ज्यू ओळखण्याची शास्त्रे रचली, शाळेत तक्ते टांगले. पण १९३५ साली न्यूरेंबर्गचे कायदे करायची वेळ आली तेव्हा ज्यू कोण हे ठरवायला नाक उपयोगी पडले नाही. आजी-आजोबांपैकी किती जण ज्यू धर्मसंस्थेचे होते, ते दप्तर काढून पाहिले गेले. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत ज्यूंना छातीवर पिवळा तारा शिवून फिरावे लागले. शरीरावर वंश दिसत असता तर तारा कशाला शिवायचा?

आता पेशवाईकडे या. पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, इतरत्र मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त नोंदवून ठेवले आहे. अस्पृश्य नुसता पाहून ओळखता येत नव्हता, विटाळ चुकून होऊ नये म्हणून खूण लागत होती. म्हणजे तारा आणि काळा दोरा यांचे काम एकच आहे. एकाला सगळे जग रेसिझम म्हणते. दुसऱ्याला काही लोक 'त्या काळची समाजव्यवस्था' म्हणतात.

जात आणि वंश यांची सांगड ज्यांनी घातली ते आम्ही नव्हे. ती घातली इंग्रजांनी, आणि तिचे स्वागत केले उच्चवर्णीयांनी. हर्बर्ट रिस्ले हा १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाची रुंदी आणि उंची मोजून त्याने सिद्धांत मांडला की जितके नाक रुंद तितकी जात खालची. आर्य म्हणजे युरोपियनांचे भाऊबंद, ही कल्पना कलकत्त्याच्या केशवचंद्र सेनांना इतकी आवडली की १८७७ सालीच त्यांनी इंग्रज आणि हिंदी लोकांची भेट म्हणजे ताटातूट झालेल्या चुलतभावांची भेट असे सांगून टाकले. पुण्यात लोकमान्य टिळक १९०३ साली आर्यांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ शोधत होते. राज्यकर्त्याच्या वंशात आपला नंबर लागतो म्हटल्यावर वंशशास्त्र वाईट आहे असे यांच्यापैकी कोण म्हणणार?

याचा कळस अमेरिकेत झाला. तिथे १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' माणसाला नागरिकत्व मिळे. यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळू लागले, आशियातील लोकांना नाहीच. पंजाबातून गेलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात काम केलेले भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हा कायदा माणसामाणसांत भेद करतो, तो मोडा, असे म्हणायची ती संधी होती. पण युक्तिवाद काय झाला? आमचा अशील उच्च जातीचा आहे, शुद्ध आर्य आहे, म्हणून गोरा आहे; आणि लग्नसंबंधांच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोला जसे लेखतो तसेच उच्च जातीचा हिंदू आपल्याकडच्या मूळ रहिवाशाला लेखतो! गोऱ्यांच्या कोर्टात गोरेपणाचा पुरावा म्हणून जातिभेद सादर झाला. जात आणि रेसिझम यांचा काही संबंध नाही म्हणणाऱ्यांनी हा खटला अवश्य वाचावा. हा संबंध आम्ही नाही, त्यांच्याच वकिलाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लावलेला आहे.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला आणि थिंड हरले. गंमत अशी की तीनच महिने आधी ओझावा या जपानी माणसाला याच न्यायालयाने, गोरा म्हणजे कॉकेशियन, असे सांगून परत पाठवले होते. थिंड तर त्या काळच्या शास्त्राप्रमाणे कॉकेशियनच होते. मग न्यायालय म्हणाले, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. आमच्या मते रेसिझमची याहून प्रामाणिक व्याख्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. कोण आत आणि कोण बाहेर हे आधीच ठरलेले असते, शास्त्र नंतर बोलावले जाते, आणि अडचणीचे झाले की हाकलले जाते. त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, एवढेच त्यात होते. महाडच्या तळ्यावर तो ठराव अंमलात आणायला गेलेल्यांचे १९२७ साली काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

वंशशास्त्राचा फटका महाराष्ट्रातील अस्पृश्यांना प्रत्यक्ष पोटावर बसला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ सरसेनापती होते. लढाऊ वंश कोणते आणि बिनलढाऊ कोणते याची वाटणी त्यांच्या काळात पक्की झाली आणि महारांची लष्करातील भरती बंद पडली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात त्यांच्या नातवंडांना सांगण्यात आले की तुम्ही मुळात लढवय्ये नाही. (नावातच नाक असलेल्यांना नाक मोजणाऱ्यांनी बाहेर काढावे, याला काय म्हणावे!) पलटणीत पेन्शन होती, पलटणीची शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच शाळांमध्ये शिकले आणि शिकवत होते. ती वाटच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त हवालदारांनी १८९४ च्या सुमारास सरकारकडे अर्ज केला. त्यांच्या संस्थेचे नाव होते 'अनार्य दोष परिहारक मंडळ'. अनार्य असणे हा दोष आहे आणि तो फेडायचा आहे, इथवर ती वंशाची भाषा भोगणाऱ्यांच्या तोंडीही बसली होती. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा निवेदन दिले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध सरल्यावर ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. आणि १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्या जमातींची कथा तर याहून भयंकर. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या 'विमुक्त' झाल्या. कागद बदलला, तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते.

बाबासाहेब या सगळ्याकडे कसे पाहत होते? ९ मे १९१६ ला कोलंबियात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. सेमिनार गोल्डनवायझर यांचा. ते फ्रान्झ बोआस यांचे शिष्य, आणि वंशशास्त्राचा पाया खणून काढण्याचे काम अमेरिकेत बोआस यांनीच चालवले होते. पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी तिथे सांगितले की युरोपियन अभ्यासक स्वतःच रंगाच्या पूर्वग्रहाने भरलेले असल्यामुळे त्यांना जातीतही रंगच दिसतो. जातीचे मूळ रंगात नाही, जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. १९३६ साली त्यांनी म्हटले की पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार वंशाने एकच आहेत. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धांत तपासून फेटाळला. १९४८ च्या 'अस्पृश्य' ग्रंथात तर नाकाच्या मोजमापाचेच आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. रिस्लेची फूटपट्टी घेऊन त्यांनी रिस्लेलाच मोजला.

इथे आम्हाला आपल्याच चळवळीतील बांधवांशी दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. ब्राह्मण हे परकीय वंशाचे, डीएनएने ते सिद्ध झाले, असे कॅडर कॅम्पमध्ये वर्षानुवर्षे सांगितले जाते. आधार म्हणून मायकेल बामशाद यांचा २००१ सालचा शोधनिबंध दाखवतात. तो आंध्रातील काही जातींच्या मोजक्या नमुन्यांवर आहे. त्यानंतर २०१३ साली मूरजानी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात निघाले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील जवळपास सर्व समूहांमध्ये मोठी सरमिसळ झाली, आणि मग ती थांबली, माणसे आपापल्या गटात लग्ने करू लागली. हे तर १९१६ च्या निबंधाला मिळालेले समर्थन आहे! ते सोडून आपण परक्या रक्ताच्या मागे का लागावे? महात्मा फुल्यांचा दाखला दिला जातो. फुल्यांनी आर्य-भटांचे आक्रमण सांगितले हे खरे. त्यांच्यासमोर जे शास्त्र होते तेच त्यांनी ब्राह्मणांवर उलटवले. पण १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना, आणि ते लोक बहुतांशी गोरेच होते. जोतिरावांना रक्ताचा हिशेब करायचा असता तर ही अर्पणपत्रिका लिहिली गेली नसती. शत्रूला जन्मावरून ओळखायचे, ही विद्या मनूची आहे.

ही टीका ऐकून काही सवर्ण मित्र खूश होतील, म्हणून त्यांच्याही एका आवडत्या वापराविषयी सांगून ठेवतो. आरक्षण म्हणजे 'उलटा रेसिझम', आणि जातीचा उल्लेख करणारा तोच 'जातीयवादी', असे हल्ली सर्रास बोलले जाते. एखादा दलित पोरगा रागाने ब्राह्मणांविषयी वाईट बोलला तर ते वाईटच. पण त्याच्या हातात गावची विहीर आहे का, देवळाची किल्ली आहे का, भाड्याची खोली, मुलाखतीचे गुण, तलाठ्याचे दप्तर यातले काय आहे? रेसिझम हा मनातल्या द्वेषापुरता शब्द नाही. जन्मावरून पायरी ठरवायची, पायरीवरून वाटा ठरवायचा आणि हे राबवायला सत्ता हाताशी असायची, या रचनेचे ते नाव आहे. हीच कसोटी आम्हालाही लागू आहे. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलाला खोली नाकारणारा घरमालक, किंवा ईशान्येकडच्या मुलीला 'चिनी' म्हणून हिणवणारा टोळभैरव, त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असला म्हणून सुटत नाही.

आता सरकारकडे येऊ. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांनी वांशिक भेदभावाविरुद्धचा करार केला. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, रंग आणि राष्ट्रीय मूळ यांच्याबरोबर 'डिसेंट' म्हणजे 'जन्मकुळी' हा शब्द आहे. तो शब्द सुचवला भारताच्या प्रतिनिधींनी. १९६८ मध्ये भारताने कराराला मान्यता दिली. पण १९९६ साली जीनिव्हातील समितीने जातीविषयी विचारले तेव्हा भारताचे उत्तर होते की जात म्हणजे वंश नव्हे, सबब हा विषय तुमचा नाही. समिती म्हणाली, 'डिसेंट'चा अर्थ केवळ वंश असा नाही. २००२ साली तिने तशी रीतसर शिफारसही काढली. दरम्यान ३१ ऑगस्ट २००१ पासून दरबानला जागतिक परिषद भरली. देशातून दलित कार्यकर्त्यांचे मोठे पथक गेले, तंबू ठोकले, डफ वाजवले. मसुद्यात 'काम आणि जन्मकुळी' यांवर आधारलेल्या भेदभावाचा एक परिच्छेद होता, तो शेवटी गळाला. भारत सरकारची भूमिका, की हा आमचा घरचा प्रश्न. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला तेव्हा जनरल स्मट्स यांनी नेमके हेच म्हटले होते, की हा आमचा घरचा प्रश्न. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांनी ते मान्य केले नाही, आणि तेच बरोबर होते. त्याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. घरचा प्रश्न बाहेर न्यावा की नाही, याचे उत्तर त्यांच्यापुरते झाले होते.

दरबान शहराचीही एक जुनी आठवण आहे. १८९५ पूर्वी तिथल्या पोस्टाला दोन दरवाजे होते, एक गोऱ्यांचा, दुसरा हिंदी आणि आफ्रिकन लोकांचा. गांधींच्या नाताळ इंडियन काँग्रेसने अर्जविनंत्या केल्या आणि हिंदी लोकांसाठी तिसरा दरवाजा मिळवला. दरवाजे एक करा ही मागणी नव्हती.

२७ डिसेंबर २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीत म्हणाले की अस्पृश्यतेला समांतर अशी गोष्ट फक्त दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी व्यवस्था, अपार्थाइड. भारताचा पंतप्रधान प्रथमच असे बोलला. दोन महिन्यांत, फेब्रुवारी २००७ मध्ये, जीनिव्हात भारताच्या शिष्टमंडळाने जात म्हणजे वंश नव्हे हेच पालुपद पुन्हा वाचून दाखवले.

त्या भाषणाच्या तीन महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ ला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली. भोतमांगे कुटुंबातील चौघे मारले गेले. सुरुवातीच्या बातम्यांतून काय काय छापून आले ते आठवा : अनैतिक संबंध, जमिनीचा वाद, पूर्ववैमनस्य. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण ॲट्रॉसिटीचे कलम लावले नाही. बदल्याच्या भावनेतून घडले असे म्हटले. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तेच मान्य केले आणि फाशीच्या जागी २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. त्या वेळी कायद्याची भाषा अशी होती की गुन्हा बळी अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' घडला, हे सिद्ध झाले पाहिजे. म्हणजे मारेकऱ्याच्या मनात शिरून द्वेष बाहेर काढून दाखवा. द्वेष हीच व्याख्या धरली की असे होते. गावाने कोणाला जमीन कसू द्यायची, कोणी पक्के घर बांधायचे, कोणी पोलिसांत साक्ष द्यायची हे जन्मावरून ठरवलेले असते, ते पुराव्यात येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने हे शब्द बदलले. २६ जानेवारी २०१६ पासून, बळी अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरते. खैरलांजीला त्याचा उपयोग नव्हता. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला हृदयविकाराने गेले, तेव्हा त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडूनच होते.